वक्तृत्व शिकावें काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका खेड्यांतील उपदेशकबंधूंच्या घरीं मी मुक्कामाला होतों. रात्रीं जेवणें झाल्यावर गोठ्याकडून मोठ्यानें बोलण्याचा आवाज ऐकूं आला. “मित्रहो!” असें कोणी तरी तीन-चार वेळां निरनिराळ्या सुरांत म्हणत होतें. मीं नवल वाटून यजमानांकडे पाहिलें, तेव्हां ते कांहींसे ओशाळून म्हणाले, “आमचा थोरला आहे, पाळकसाहेब. तालुक्याच्या कॉलेजांत मुलांनीं त्याला आपला प्रतिनिधि निवडला आहे. पुढल्या आठवड्यांत सभेंत बोलायचें आहे, म्हणून बैलांपुढें तालीम चालली आहे.” थोडा वेळ थांबून त्यांनीं विचारलें, “एक शंका आहे. ही बोलण्याची कला मुद्दाम शिकावी, हें बरें का? ज्याला खरें सांगायचें आहे त्याला तालीम कशाला हवी? आणि ज्याची जीभ फार चालूं लागते, त्याचें मन खरें राहतें का?”

त्या रात्रीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. आपल्या गांवोगांवच्या मुली व मुलगे आतां मोठ्या संख्येनें कॉलेजांत जात आहेत, आणि त्यांतील कित्येकांवर सोबत्यांच्या वतीनें उभें राहून बोलण्याचा प्रसंग येतो. म्हणून त्या बापाच्या प्रश्नाचा येथें सावकाश विचार करावा असें योजिलें आहे.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, ही शंका अडाणीपणाची नव्हे. ती फार जुनी आणि फार शहाण्या लोकांनीं घेतलेली शंका आहे. इ. स. पूर्वीं 155 या वर्षीं अथेन्स नगराचे वकील म्हणून तीन तत्त्वज्ञ रोम शहरीं आले. त्यांपैकीं कार्नीअदीस नांवाच्या पंडितानें एके दिवशीं न्यायाच्या बाजूनें भाषण केलें आणि दुसऱ्या दिवशीं त्याच न्यायाविरुद्ध तितक्याच जोरानें भाषण केलें. तरुण रोमन लोक मोहून गेले. परंतु केटो नांवाचा वृद्ध व करारी मुत्सद्दी अस्वस्थ झाला आणि या पाहुण्यांचें काम लवकर आटोपून त्यांस परत पाठवावें, असा त्यानें आग्रह धरला. जी जीभ आज एक आणि उद्यां त्याच्या उलट सिद्ध करूं शकते, ती तरुणांना सत्याची चाड शिकवील कशी, हें त्याचें भय होतें.

आपल्या परिचयाची एक गोष्ट याहूनहि जुनी आहे. मोशेनें आपण जड जिभेचे आहों असें सांगून माघार घेतली, तेव्हां त्याच्या वतीनें बोलण्यासाठीं त्याचा बोलका भाऊ अहरोन याची योजना झाली. पुढें मोशे डोंगरावर असतांना खालीं लोकांनीं गलका केला, तेव्हां त्यांना सोन्याचें वासरूं करून देणारा तोच बोलका भाऊ होता. ज्याची जीभ जड तो आपल्या जागीं स्थिर राहिला. ज्याची जीभ हलकी तो जमावाला वश झाला. ज्याला लोकांना हलवितां येतें, त्याला लोकहि हलवूं शकतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या पुढाऱ्यानें सदैव ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मग कला नकोच, गप्प बसणेंच बरें, असें ठरवावें काय? तसें ठरविण्यापूर्वीं एका लाजाळू विद्यार्थ्याची हकीकत पाहूं. मोहनदास गांधी 1888 सालीं कायद्याचा अभ्यास करण्यासाठीं लंडनला गेले, त्या वेळीं त्यांना एकोणिसावें वर्ष पुरें होत आलें होतें. तेथील सभ्य लोकांप्रमाणें आपण व्हावें या हौसेनें त्यांनीं नाच, फ्रेंच भाषा व व्हायोलिन यांबरोबर वक्तृत्वाचीहि शिकवणी लावली. एक गिनी आगाऊ फी भरली, शिक्षकानें सांगितलेलें बेल नामक लेखकाचें पुस्तक विकत घेतलें, आणि पिट या इंग्रज मुत्सद्द्याच्या एका भाषणापासून धडा सुरू झाला. दोन-तीन धडे झाल्यावर त्यांच्या मनानें घेतलें कीं, आपल्याला जन्म कांहीं इंग्लंडांत काढावयाचा नाहीं. मग हें उसनें वक्तृत्व काय कामाचें? त्यांनीं पत्र लिहून शिक्षकाची रजा घेतली.

ही गोष्ट ऐकून आमचे उपदेशकबंधु म्हणतील, “पाहा, मी म्हणत होतों तेंच!” परंतु हकीकत येथें संपत नाहीं. पुढें त्याच शहरांतील शाकाहारी मंडळीच्या कार्यकारी समितीवर या विद्यार्थ्याची निवड झाली. तो प्रत्येक बैठकीला जाई, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. समितींतील एका स्नेह्यानें त्याला थट्टेनें पोळ्यांतील आळशी नरमाशीची उपमा दिली. इतक्यांत एक बिकट प्रश्न उभा राहिला. समितीचे एक सभासद डॉक्टर अॅलिन्सन हे संततिनियमनाचा प्रचार करीत, म्हणून त्यांना काढून टाकावें असा ठराव आला. गांधींना स्वतःला डॉक्टरांचें मत मान्य नव्हतें. परंतु शाकाहाराच्या मंडळींतून एखाद्याला दुसऱ्याच विषयावरील मतासाठीं हांकलणें हा अन्याय आहे, असें त्यांना स्पष्ट वाटत होतें. आपला विचार त्यांनीं कागदावर लिहून नेला. पण उभें राहून तो वाचण्याचेंहि धैर्य झालें नाहीं. अध्यक्षांनीं तो दुसऱ्याकडून वाचविला. डॉक्टर हरले.

तो कागद त्यांनीं स्वतः निर्भयपणें वाचला असता तर निकाल फिरला असता, असें कोणी खात्रीनें म्हणूं शकत नाहीं. परंतु ज्याच्यावर अन्याय होत आहे अशा मनुष्याच्या बाजूचें एक मत त्या खोलींत होतें, आणि त्या मताला स्वतःचा आवाज मिळाला नाहीं, एवढें मात्र खरें. वाचकहो, मुकेपणा हा नेहमींच विनय नसतो. मला बोलतां येत नाहीं म्हणून शेजाऱ्याची बाजू पडली, तर माझ्या लाजाळूपणाची किंमत मीं नव्हे, त्या शेजाऱ्यानें दिली. ज्यानें प्रतिनिधि होण्याचें पत्करलें, त्याला बोलावयास शिकणें हें भूषण म्हणून नव्हे तर ऋण म्हणून लागू होतें.

मग गांधींची जीभ सुटली केव्हां? 1891 सालीं बॅरिस्टर होऊन ते परतले, तरी मुंबईच्या लहान दाव्यांच्या कोर्टांत साक्षीदाराची उलटतपासणी करण्यास उभे राहिले आणि घाबरून खालीं बसले. तीस रुपये फीचा तो दावा दुसऱ्या वकिलाकडे गेला. त्यानंतर 1893 सालीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथें पहिल्या वर्गाचें तिकीट हातीं असतां त्यांना आगगाडींतून उतरवून देण्यांत आलें, आणि पुढच्या प्रवासांत घोडागाडीच्या माणसाकडून मार खावा लागला. प्रिटोरियाला पोहोंचल्यावर पहिल्याच आठवड्याच्या सुमारास तेथील हिंदी व्यापाऱ्यांची सभा त्यांनीं एका सद्गृहस्थांच्या घरीं भरविली. आपल्या आयुष्यांतील पहिलें सार्वजनिक भाषण तेंच, असें त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. विषय होता व्यापारांतील सचोटी. गोऱ्या लोकांच्या जुलुमाविषयीं बोलण्यापूर्वीं त्यांनीं स्वतःच्या लोकांना त्यांचे दोष दाखविले. मग सर्वांनीं मिळून एक मंडळ स्थापावें असें सुचविलें. आणि ज्यांना इंग्रजी शिकावयाचें असेल त्यांना आपण शिकवूं असें सांगितलें. एक न्हावी, एक कारकून आणि एक लहानसा दुकानदार असे तीन विद्यार्थी मिळाले, आणि हा बॅरिस्टर त्यांच्या सोयीच्या वेळीं त्यांच्या जागीं जाऊन शिकवूं लागला.

गिनी भरून जें आलें नाहीं तें येथें आलें. याचें कारण शोधूं गेल्यास दूर जावें लागत नाहीं. लंडनच्या शिकवणींत पिटचे शब्द होते आणि स्वतःला सभ्य दिसण्याची इच्छा होती. प्रिटोरियांत अंगावर घेतलेला अनुभव होता, अभ्यासून आणलेला विषय होता, समोर ओळखीचीं माणसें होतीं, आणि बोललेल्या शब्दामागें दुसऱ्या दिवशीं करावयाचें काम होतें. तरी यामुळें सर्व भय एकदम गेलें असेंहि नाहीं. 1896 सालीं मुंबईस भरगच्च सभेंत त्यांचा आवाज बसला, आणि त्यांनीं लिहून आणलेलें भाषण अखेर दिनशा वाच्छा यांनीं वाचून पुरें केलें. भाषण आधीं लिहून काढा, हा फेरोजशहा मेहतांचा सल्ला त्यांनीं मानला होता, म्हणून तें वाचण्यास तरी हातीं होतें. अंतःकरण खरें असलें म्हणजे तयारी नको, असें समजणाऱ्यांनीं हेंहि लक्षांत घ्यावें.

आतां दुसऱ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. त्याच्याजवळ जीभ होती, आणि ज्ञान नव्हतें. तो विद्यार्थी मीच.

कॉलेजच्या दिवसांत मी ज्या वसतिगृहांत राहत होतों, तेथील मुलांनीं मला आपला प्रतिनिधि निवडलें होतें. मीं स्पर्धांत दोन ढाली मिळविल्या होत्या, हीच माझी लायकी. त्या वर्षीं जेवण निकृष्ट होऊं लागलें. आमटी पातळ झाली, भात मोजून मिळूं लागला. एका मुलानें सांगितलें कीं, कोठीवाला मागल्या दारानें सायकलीवर पोतें घालून नेतांना आपण पाहिला. मीं पोतें पाहिलें नव्हतें. त्यांत काय होतें हें कोणालाहि विचारलें नव्हतें. कोठीवाल्याला तर नाहींच नाहीं. तरी त्या रात्रीं भोजनगृहांतील बाकावर उभा राहून मीं बोललों. “आपलें अन्न रात्रीं कोणाच्या घरीं जातें?” असा प्रश्न मीं तीनदां विचारला, आणि तिसऱ्या वेळीं मुद्दाम थांबलों. कोठें थांबावें हें मला चांगलें ठाऊक होतें. सारें भोजनगृह गर्जून उठलें. मीं त्या माणसाचें नांव घेतलें नाहीं; नांव न घेतां तें प्रत्येकाच्या तोंडीं आणणें, हीच तर कला होती. चौथ्या दिवशीं तो वृद्ध मनुष्य कामावरून निघून गेला.

वर्षअखेरीस हिशेब पुढें आले. धान्याचे भाव चढले होते आणि भोजनाची नेमलेली रक्कम तितकीच राहिली होती. तूट होती ती तेवढीच. पोत्यांत कोंडा होता. म्हशीसाठीं तो नेण्याची त्याला पहिल्यापासून परवानगी होती. मी त्याच्या गांवीं गेलों आणि क्षमा मागितली. त्यानें मला बसावयास घोंगडी दिली, चहा दिला, आणि म्हणाला, “तूं त्या रात्रीं बोललास तें मीं दाराआडून सगळं ऐकलं, पोरा. बोललास छान. इतकं छान, कीं घरीं येऊन सांगितलं तर माझी बायकोच मला विचारूं लागली, खरंच कांहीं नेलं होतंत का म्हणून.”

परत आल्यावर त्याच भोजनगृहांत उभा राहून मीं चार वाक्यांत चूक कबूल केली. टाळी वाजली नाहीं, आणि वाजावयास नकोच होती. परंतु वरच्या वर्गांतील मुलें तोंपर्यंत परीक्षा देऊन आपापल्या गांवीं गेलीं होतीं. त्यांच्या मनांत तो वृद्ध आजहि चोरच असेल. माझें भाषण जेथवर गेलें तेथवर माझी क्षमायाचना पोहोंचली नाहीं, आणि आतां पोहोंचणारहि नाहीं. पुढें प्रवचनासाठीं उभें राहणें हेंच माझें काम झालें. तरी बोलतांना एखादें वाक्य फार गोड जमूं लागलें कीं तें घोंगडें मला आठवतें.

याच जातीच्या प्रसंगांतून एक फार मोठा मनुष्य कसा गेला, हें पाहण्यासारखें आहे. गोपाळ कृष्ण गोखले 1897 सालीं एका सरकारी चौकशी मंडळापुढें साक्ष देण्यासाठीं इंग्लंडांत होते. पुण्यांत त्या वेळीं प्लेगच्या बंदोबस्तासाठीं सोल्जर घरांत शिरून तपासणी करीत होते, आणि त्यांच्या जुलुमाचीं पत्रें गोखल्यांना येत होतीं. त्या पत्रांच्या आधारानें, सोल्जरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला, असें त्यांनीं तेथील एका वर्तमानपत्राला सांगितलें. मोठा गहजब झाला. मायदेशीं परतल्यावर त्या विशिष्ट आरोपाला पुरावा मिळेना. ज्यांनीं लिहिलें होतें त्यांचीं नांवें उघड करून त्यांना संकटांत लोटणेंहि त्यांना योग्य वाटेना. तेव्हां त्यांनीं आडपडदा न ठेवतां जाहीर माफी मागितली. प्लेगच्या दिवसांत लोकांना छळ सोसावा लागला नाहीं, असा याचा अर्थ मुळींच नव्हता. पण आपण केलेला आरोप आपल्याला सिद्ध करतां येत नाहीं, एवढें त्यांनीं मान्य केलें. पुष्कळ स्वदेशबांधवांनीं त्यांना भित्रा ठरविलें. परंतु पांच वर्षांनीं, 1902 सालीं, तोच मनुष्य वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलावयास उभा राहिला, तेव्हां त्याचें भाषण आंकड्यांनीं इतकें भक्कम होतें कीं, तें देशभर गाजलें. सरकारजवळ शिल्लक उरते आणि रयत मात्र दारिद्र्यांत आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं दाखविलें.

येथें एक प्रश्न राहतो. कॉलेजांत वादविवादाच्या स्पर्धा होतात. त्यांत चिठ्ठी निघेल त्या बाजूनें बोलावें लागतें. स्वतःला न पटणारें मांडणें हें खोटें बोलणें नव्हे काय? मला वाटतें, नव्हे. मात्र एका अटीवर. आखाड्यांत दोन पहिलवान एकमेकांना पाडतात, त्याला कोणी मारामारी म्हणत नाहीं, कारण दोघांना आणि पाहणाऱ्यांना खेळ ठाऊक असतो. वादविवादांतहि बोलणारा व ऐकणारा दोघेहि जाणतात कीं ही तालीम आहे. कोणी फसत नाहीं. उलट प्रतिपक्षाच्या जागीं उभें राहिल्यानें त्याची बाजूहि समजते, आणि अॅलिन्सनसारख्याला न्याय देण्याची बुद्धि त्यांतूनच येते. परंतु ज्या क्षणीं श्रोते आपलें बोलणें साक्ष म्हणून ऐकतात, त्या क्षणीं आखाडा संपला. माझ्या भोजनगृहांतील भाषणाचें पाप नेमकें हेंच होतें. मीं आखाड्यांतील डाव एका जिवंत माणसावर टाकला, आणि ऐकणाऱ्यांनीं तो डाव साक्ष समजून घेतला.

तेव्हां विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीनें बोलण्याचें शिक्षण कोणत्या क्रमानें घ्यावें?

पहिली गोष्ट, कानाचें शिक्षण. ज्यांच्या वतीनें बोलावयाचें, त्यांच्याकडे जाऊन ऐकावें. आणि ज्याच्याविरुद्ध बोलावयाचें, त्याच्याकडे तर अवश्य जावें. मीं कोठीच्या दाराशीं एकदां जाऊन विचारलें असतें, तर तें भाषण जन्मलेंच नसतें.

दुसरी गोष्ट, मीं काय पाहिलें, काय ऐकलें आणि काय तर्कानें धरलें, हे तीन भाग कागदावर वेगळे लिहावे. पुष्कळ भाषणांत तिसरा भाग पहिल्याचे कपडे घालून येतो.

तिसरी गोष्ट, भाषण लिहून काढावें आणि मग निम्मे शब्द कापावे. ज्या वाक्यावर टाळी पडेल असें मन म्हणतें, तें वाक्य दोनदां तपासावें. तें खरें असेल तर ठेवावें, नुसतें गोड असेल तर काढावें.

चौथी गोष्ट, आवाजाची तालीम. ती करण्यांत लाज मुळींच नाहीं. ग्रीक वक्ता डिमॉस्थेनीस यानें आपले अडखळते उच्चार तोंडांत खडे धरून सुधारले, असें प्लुटार्क सांगतो. मागल्या ओळींतील मुलीला ऐकूं गेलें नाहीं, तर तिच्यापुरतें आपण बोललोंच नाहीं. सावकाश बोलावें, श्वास पुरवून बोलावें, समोरच्यांच्या भाषेंत बोलावें. बैल हे फार चांगले श्रोते आहेत. ते टाळ्या वाजवीत नाहींत.

आणि पांचवी गोष्ट, चूक ठरल्यास ती तेवढ्याच मोठ्या आवाजांत, तेवढ्याच लोकांपुढें, आणि शक्य तितक्या लवकर कबूल करावी.

या क्रमानें बोलणारास वयाची किंवा पदवीची वाट पाहावी लागत नाहीं. पुण्यास जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणारी मुक्ता ही मांग समाजांतील मुलगी सुमारें चौदा वर्षांची असतां तिनें महारमांगांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो 1855 सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. तिच्याजवळ कोणत्या सभेची ढाल नव्हती. जें स्वतःच्या लोकांवर गुदरलेलें तिला ठाऊक होतें, तेंच तिनें मांडलें. म्हणून दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तो निबंध अजून वाचला जातो.

त्या उपदेशकबंधूंना आतां माझें उत्तर असें आहे. आपल्या मुलाला तालीम करूं द्या. ज्याला खरें सांगायचें आहे त्यालाच तालमीची अधिक गरज आहे, कारण खोटें तर आधींच गोड बोलावयास शिकून बसलेलें असतें. मात्र तो गोठ्यांतून परत येईल तेव्हां त्याला जवळ बसवून एवढेंच विचारा: “तूं ज्याच्याविरुद्ध बोलणार आहेस, त्या माणसाला तूं भेटलास का, बाळ?” नसेल भेटला, तर सभेला अजून आठवडा आहे.